कमोड कुठल्या भिंतीला

डॉक्टरांनी माझे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "मासी, आता उकिडवं बसायचं बंद. काम टेबलावर करा. आणि घरात कमोड बसवून घ्या."

मी मान हलवली. दवाखान्यातून बाहेर येऊन रिक्षात चढताना एका हाताने दांडा धरला, दुसऱ्या हाताने गुडघा उचलून आत घेतला आणि मनात म्हटलं, खाली बसायचंच नाही तर माझ्या दिवसात उरतं काय? साड्यांचे गठ्ठे घरी येतात, त्यांना लेस लावायची ती फरशीवर बसून. भांडी घासायची, कपडे धुवायचे ते चोकडीत बसून. घराच्या मागच्या अंगाला धुण्याभांड्यासाठी जो खोलगट चौकोन असतो, त्याला इथे सुरतेत चोकडी म्हणतात. आमच्या गावाकडे मोरी म्हणतील. माझं अर्धं आयुष्य त्या चौकोनात गेलं आणि उरलेलं लेसमध्ये.

आमचं घर नवागाममधलं, ओळीतल्या घरांपैकी एक. रुंदीला कमी, लांबीला जास्त. पुढे बैठकीची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे चोकडी आणि अंघोळीचा कोपरा. संडास मात्र पुढे, रस्त्याच्या बाजूला, जिन्याखाली. ज्याने घरं बांधली त्याने गटारीची लाईन जवळ पडावी म्हणून तसं केलं असणार. संडासाचं दार उघडलं की माणूस थेट ओट्यावर. बाहेर कोणी पाहुणा चपला काढत असेल, तर तो घरात जाईपर्यंत आतल्या माणसाने थांबायचं. नवी नवरी असताना मी कितीदा अशी कडी धरून थांबले असेन. वर जिन्याचा उतार असल्यामुळे उठताना डोकंही वाकवावं लागतं. तिथे कमोड बसणार नाही हे सांगायला मिस्त्री लागत नव्हता. तरी मिस्त्रीला बोलावलं. तो परभणीकडचा, आमच्याच गल्लीत तीनचार घरांची कामं केलेला. त्याने आत डोकावलं आणि तेच सांगितलं.

म्हणजे संडास मागे न्यायचा. चोकडी, अंघोळीचा कोपरा आणि संडास मिळून एकच बाथरूम करायचं. ठरवायचं होतं ते एवढंच.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. घरात आम्ही चौघं. आमचे हे पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कामाला, मुलगा कापड मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात, आणि सासूबाई. सासूबाई शिरपूरकडच्या. इतकी वर्षं सुरतेत काढली, पण अहिराणी सोडून दुसरं काही तोंडातून आलं नाही.

मुलाने लगेच मोबाईल पुढे केला. काळ्या चकचकीत टाईल्स, काचेचा पडदा, छतातून पडणारा शॉवर. "मम्मी, करवुं तो सरखुं करवुं," तो म्हणाला. घरातही तो अर्धा गुजरातीत बोलतो. करायचं तर नीट करायचं, असं त्याचं म्हणणं.

हे म्हणाले, "कशाला एवढा पसारा? आहे त्याच्यावर ठेवायचं प्लास्टिकचं स्टूल मिळतं. मिलमधल्या एकाने आणलंय."

"आणि ते स्टूल त्या जिन्याखाली ठेवून मी डोकं कुठे ठेवू?" मी विचारलं.

सासूबाई घास थांबवून ऐकत होत्या. "खुर्चीवर बशीसन?" त्या म्हणाल्या. "ते दवाखानामा ऱ्हास. घरमा नही."

मग शॉवर की बादली यावर बापलेकाची जुंपली. गिझर पाहिजे की नको, आरसा कुठे लावायचा, खिडकी केवढी. मी भाकरी वाढत होते. दर वेळी उठताना स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला हात टेकत होते. ज्याच्यापायी हे सगळं निघालं ते गुडघे त्या बोलण्यात कुठेच नव्हते. बोलायला लागायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि तेवढा दम राहिला नव्हता.

रविवारी मिस्त्री टेप घेऊन आला. चोकडीत उभा राहून त्याने चारही बाजूंना पाहिलं. उजवीकडे फरशीखाली पाण्याची टाकी, तिथे काही करता येणार नाही. मागच्या भिंतीला लागून मागच्या गल्लीतल्या घराची निजायची खोली. पुढे आमचं स्वयंपाकघर. डावीकडे शेजारणीचं घर.

"डाव्या भिंतीला घ्या, ताई," तो म्हणाला. "पाईप भिंतीच्या कडेकडेने सरळ रस्त्यापर्यंत जातो. काही अडचण नाही."

त्याने खिशातून खडू काढून फरशीवर कमोडचा गोल काढला. मग भिंत किती जाड आहे ते पाहायला हातोडी घेऊन दोनचार ठोके दिले.

पलीकडून काहीतरी पितळेचं घरंगळत गेल्याचा आवाज आला. पाठोपाठ शेजारीण ओरडली. ती बाहेर आली, आमच्या ओट्यावरून, बैठकीतून, स्वयंपाकघरातून चपलांसकट मागे आली. तिला चपलांसकट आमच्या घरात शिरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आ शुं करो छो?" ती म्हणाली. "माझ्या माताजीचा दिवा पडला!"

त्या भिंतीच्या पलीकडे तिच्या देवीचा गोखला आहे, म्हणजे कोनाडा, हे मला ठाऊक होतं. नवरात्रात त्याच गोखल्यासमोर मी कितीदा हात जोडले होते. पण मी नेहमी तिच्या दारातून आत जाऊन पाहिलेला तो गोखला, आणि ही रोज कपडे आपटताना समोर दिसणारी माझी ओली भिंत, ही एकच भिंत आहे असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने फरशीवरचा खडूचा गोल पाहिला. मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "काही नाही बेन, इथे कमोड येणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल. पण ती एक शब्दही न बोलता वळली आणि गेली. जाताना चपलेचे ओले ठसे स्वयंपाकघरात उमटले, ते मीच नंतर पुसले.

ही शेजारीण सौराष्ट्राकडची. आम्ही दोघी इथे राहायला आलो त्या एकाच उन्हाळ्यात. मी तिला बेन म्हणते, ती मला बेन म्हणते. तिचं मराठी माझ्याकडून, माझं गुजराती तिच्याकडून, आणि दोन्ही तसंच मोडकं. तिचा नवरा गेला तेव्हा त्या घरात दहाव्यापर्यंत माझ्या हातचं जेवण गेलं. रोज संध्याकाळी, नळाचं पाणी भरून झालं की आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. काही खास बोलत नव्हतो. कोणाच्या घरी कोण आलं, मेथी काय भाव दिली, एवढंच. पण तो वेळ माझा होता.

त्या दिवसापासून ती बसायला आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दाराशी दोनदा खाकरले. आत टीव्हीचा आवाज मोठा झाला.

घरात या गोष्टीचा वेगळाच वाद झाला. मुलगा म्हणाला, "आपल्या घरात आपण करतोय. ती काय करणार?" हे म्हणाले, "बरोबर आहे." पण जाऊन तिच्याशी बोला म्हटलं तर दोघांनाही अचानक कामं आठवली. सासूबाई म्हणाल्या, "तठे देव शे. देवले काय आपलं-परकं ऱ्हास का?" आणि त्या दिवसापासून त्यांनी चोकडीत त्या खडूच्या गोलावर पाय देणं बंद केलं. जणू तिथे आताच संडास झाला होता. हात धुवायला यायच्या तर कडेकडेने, भिंतीला धरून. भांडी घासताना पाण्याने गोल पुसून जायचा. मिस्त्री मधेच काही मापायला आला की पुन्हा काढायचा. सासूबाई पुन्हा कडेने.

मधल्या काळात मुलगा मला उधना रोडच्या एका शोरूममध्ये घेऊन गेला. लांबच लांब हॉल, ओळीने मांडलेले कमोड, वर एसी. मला कोणता आवडतो ते कळेना. सगळे सारखेच पांढरे. तिथला सेल्समन म्हणाला, "आंटी, बैठ के देखो. हाईट समझ में आएगी."

मी आजूबाजूला पाहिलं. एक जोडपं लहान लेकराला घेऊन नळ पाहत होतं, दोन माणसं टाईल्स मोजत होती. मुलगा मोबाईलमध्ये गुंगला होता. मी साडी सावरली, पर्स मांडीवर घेतली आणि झाकणावर बसले. बसले तर काय, गुडघ्यात काहीच झालं नाही. कळ आली नाही. तशीच बसून राहिले. समोरून माणसं जात-येत होती आणि मी शोरूमच्या मधोमध कमोडवर पर्स घेऊन बसलेली. लाज वाटायला हवी होती, पण उठावंसं वाटेना.

"यही चाहिए?" सेल्समनने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "हाच."

कमोड ठरला. भिंत ठरेना. मिस्त्री रोज फोन करून विचारायचा, कारण त्याला दुसरीकडे, सचिन नावाच्या गावी, मोठं काम मिळालं होतं आणि मधल्या सुट्या दिवसांत आमचं उरकायचं होतं. शेवटी एका संध्याकाळी त्याने येऊन तोंडावरच विचारलं, "ताई, डावी भिंत की नाही?"

सगळे घरात होते. मी म्हटलं, "डावी नको. पुढच्या भिंतीला घ्या. स्वयंपाकघराच्या."

यांनी चहाचा कप खाली ठेवला. "शेगडीला लागून संडास?"

"शेगडीच्या मागे भिंत आहे की."

सासूबाई दारात बसल्या होत्या, तिथून कडाडल्या. "आते चुलालेच लाई दे! लोके काय म्हनतीन?"

"मागच्या भिंतीला घेऊ," मुलगा म्हणाला.

"तिथे त्या लोकांच्या उशा आहेत," मी म्हटलं. "इकडे टाकी. तिकडे देवी. इथे चूल. मग मी कुठे बसू तेवढं सांगा मला."

मिस्त्री खडू हातात फिरवत होता. माझा आवाज वाढला होता, ते मला माझ्या कानांनी ऐकू आलं. मी सासूबाईंकडे वळले आणि त्यांच्याच बोलीत म्हटलं, "माय, आठे रांधस कोन? मीच ना? मंग माले चालस."

त्यांनी तोंड फिरवलं. मिस्त्रीने वाकून स्वयंपाकघराच्या भिंतीलगत नवा गोल काढला. आधीचा पायाने पुसला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माळ्यावरची छोटी गॅसची शेगडी काढायला लावली. ती बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली मांडली आणि आपली भाकरी आपण करायला लागल्या. संडासाच्या भिंतीला लागून शिजलेलं अन्न आपल्याला नको. संडास अजून झालाही नव्हता. मी समजावलं नाही. दोन शेगड्या तर दोन शेगड्या. त्यांची भाकरी तव्यावरून निघताना फुगायची, आणि तिचा वास आतपर्यंत यायचा, तो चांगला यायचा.

काम सुरू झालं आणि घर उलटंपालटं झालं. पाईप रस्त्यापर्यंत न्यायचा म्हणून चोकडीपासून स्वयंपाकघर आणि बैठकीच्या कडेने ओट्यापर्यंत फरशी फोडली. घरभर मातीचे ढीग. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, गॅसचा सिलिंडर बाहेर काढून ठेवलेला. म्हणजे घरात पेटती शेगडी उरली ती एकच, टीव्हीखालची.

सासूबाईंनी त्या दिवशी मला हाक मारली. "वं बाई, पीठ काढ. किती जनं जेवतीन?"

मी म्हटलं, "मी करते माय, तुम्ही उठा."

"तुना गुडघा?" त्या म्हणाल्या. "तू बठ खाटवर."

त्या महिन्यात माझ्या गुडघ्यांचं नाव घरात पहिल्यांदा कोणीतरी घेतलं. त्या खाली बसल्या, त्यांना या वयातही बसता येतं, आणि सगळ्यांसाठी भाकरी थापल्या. मिस्त्री आणि त्याच्या माणसांनाही दिल्या, वर मिरचीचा ठेचा. आणि थापताना सबंध वेळ बोलत होत्या, की आमच्या काळात शेतात जायचो तर कुठल्या भिंती आणि कुठलं काय. मी खाटेवर बसून ऐकत होते. मला झोप येत होती. फोडलेल्या फरशीची धूळ नाकात जात होती, फोडायचं मशीन घरघरत होतं, तरी बसल्या बसल्या माझे डोळे मिटत होते. कधीपासूनची थकलेली होते कोण जाणे.

खड्डा बुजला, फरशी परत बसली, तशी सासूबाईंनी शेगडी आवरली. संडासाच्या भिंतीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आतल्या शेगडीवर शिजलेलं जेवायला लागल्या.

या सगळ्यात शेजारणीकडे धूळ फार गेली होती. तिचा ओटा, तिची तुळस, सगळं पांढरं. मला राहवेना. काम संपत आल्यावर मी एक दिवस केरसुणी आणि ओलं फडकं घेऊन तिचा ओटा पुसायला गेले. ती दारात आली.

"राहू द्या," ती म्हणाली. "या आत."

मी आत गेले. ती पाणी आणायला गेली तेव्हा माझी नजर सवयीने त्या भिंतीकडे गेली. गोखला रिकामा होता. म्हणजे अगदी रिकामा नव्हता. त्यात कपड्यांचे चिमटे होते, धुण्याच्या पावडरचं पाकीट होतं आणि मोबाईलचा चार्जर लोंबत होता.

"माताजी?" ती पाणी घेऊन आल्यावर मी विचारलं.

"उपर," ती म्हणाली. "वरच्या खोलीत. तुमचा मिस्त्री ठोकून गेला ना, दुसऱ्या दिवशी महाराजला बोलावून माझ्या मुलाने वर नेल्या. तुम्हाला भिंत मोकळी करून दिली."

मी खुर्चीवर बसले.

"बेन," मी म्हटलं, "मी कमोड तुमच्या भिंतीला घेतलाच नाही. माझ्या चुलीच्या भिंतीला घेतला."

तिने पेला माझ्या हातात दिला. "केम?"

"तुमच्या माताजी होत्या म्हणून."

"मी नको म्हटलं होतं?"

"बोललाच नाहीत तुम्ही."

"मी कशी बोलणार?" ती एकदम म्हणाली. "इतकी वर्षं रोज ओट्यावर बसतो आपण. मेथीचा भाव सांगता मला. तुमचे गुडघे इतके बिघडले, डॉक्टरकडे गेल्या, घर फोडायला काढलं, आणि मला कोणी सांगितलं? हथोडीने सांगितलं!"

उत्तर होतं. संडासाचं कसं बोलायचं, असं वाटून मी रोज गप्प राहिले होते. उद्या सांगू म्हणून. पण ते तेव्हा सांगायलाही जीभ उचलेना. तिची देवी वर गेलेली, माझी चूल संडासाला लागलेली, आणि आमच्या दोघींमधली ती भिंत तशीच्या तशी, दोन्हीकडून रिकामी.

"परत आणा ना माताजींना खाली," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "महाराज ना पाडे छे. पुन्हा पुन्हा हलवायचं नाही म्हणतात. आता रोज जिना चढते मी दिवा लावायला." मग स्वतःच्या गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, "इकडे पण दुखतं."

बाथरूम झालं. काळ्या टाईल्स मी लावू दिल्या नाहीत, पण ज्या लावल्या त्यांच्यावरही, ओल्या झाल्या की, पाय घसरतो. मुलाने वर बसवलेला शॉवर कोणी वापरत नाही, सगळ्यांना बादलीच लागते. हे अजून सकाळी पुढच्या जिन्याखालीच जातात, तो संडास तसाच ठेवला आहे. चोकडीची जागा इतकी कमी झाली की कपडे आता मी स्टुलावर बसून, तिरकी होऊन धुते, आणि गुडघ्याऐवजी कंबर दुखते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते पुन्हा उजेडाला काहीतरी धरतील. मी अजून गेले नाही.

शेजारीण आणि मी पुन्हा ओट्यावर बसायला लागलो. कोणी कोणाची माफी मागितली नाही. अबोला धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो आणि तो दोघींकडे नव्हता. पहिले काही दिवस बोलणं जपून जपून व्हायचं. एकदा तिने बाथरूम पाहायला मागितलं. मी दाखवलं. तिने फ्लश ओढून पाहिला, नळ सोडून पाहिला, कमोडवर हात टेकून उंची पाहिली.

"सारुं छे," म्हणाली, आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर भाजीची हातगाडी आली होती. तिने भेंडी घेतली, मी गवार घेतली. निवडायला तिने दोन खुर्च्या बाहेर आणल्या. खाली बसणं तिनेही आता सोडलं आहे.